न प्यायलेल्या दारूची साक्ष

आमच्या मंडळीची सुरुवात सहा माणसांनी झाली. त्यांतला सहावा मी, तोही बायकोच्या मागून आलेला. मिशनच्या देवळात ती मोठ्यानं रडत प्रार्थना करायला लागली, तशी पंचांनी तिला गप्प बसायला सांगितलं. ती उठून बाहेर पडली. तिच्यामागं चौघं गेले. आता घरी स्वयंपाक कोण करणार, या विचारानं मीही उठलो. घरात मात्र आजवर ही गोष्ट मी "पवित्र आत्म्यानं ओढलं" अशीच सांगत आलोय.

कसबा बावड्यात एका शेतकऱ्यानं हंगाम संपल्यावर आपलं गुऱ्हाळ वापरायला दिलं. रविवारी तिथं जमायचो. सगळ्यांनी एकदम, आपापल्या शब्दांत, मोठ्यानं प्रार्थना करायची ही आमची रीत. शेजारचा गडी बांधावरून विचारायचा, "पावणं, तुमचा देव लई लांब ऱ्हातोय व्हय?" कुणाला अन्य भाषांचं, म्हणजे कधी न शिकलेल्या भाषेत बोलण्याचं, वरदान मिळालं, कुणाचा ताप डोक्यावर हात ठेवताच उतरला. मला काहीच होईना. मी आपला जमिनीवर सांडलेल्या गुळावरच्या मुंग्या बघत बसायचो.

प्रार्थनेनंतर साक्ष. आपण आधी कसे होतो आणि प्रभूनं कसं सोडवलं, ते उभं राहून सांगायचं. एकानं जुगार सोडलेला, एकानं चोरी. मी मिशनच्या शाळेतला मास्तर, पाळण्यातला ख्रिस्ती. चहात साखर जास्त, यापलीकडं माझी मजल गेली नव्हती. पाळी आली, उभा राहिलो आणि तोंडून निघून गेलं, "मी फार प्यायचो."

घरी जाताना बायकोनं विचारलं, "कवा प्यायलासा?"

"लग्नाआधी."

"लग्नाआधी तुमी मिशनच्या बोर्डिंगात हुता. तितं च्या बी मिळत न्हवता. आता तुमचं तुमीच निस्तरा."

पण साक्ष गाजली. दर खेपेला मी एकेक घोट वाढवत गेलो. पन्हाळ्याच्या पायथ्याला गटारातसुद्धा पडलो, तिथून प्रभूनं उचललं. ऐकायला माणसं येऊ लागली. बिद्रीहून बोलावणं आलं, तिथं दुसरी मंडळी उभी राहिली; मग आणखी दोन-तीन गावांत. सहाजणांचं ते वेड आता एक पंथ झालं, आणि मी त्याचा नामांकित दारुडा.

दोन वर्षांनी एका रविवारी एक बाई नवऱ्याला हाताला धरून घेऊन आली. तो महाराजांच्या पागेत मोतद्दार, घोड्यांची निगा राखणारा. पिऊन दोनदा सापडलेला. तिसऱ्यांदा सापडला तर घरी बसवणार होते. बाई म्हणाली, "मास्तर, तुमी कशी सोडलासा तेवढं ह्यास्नी सांगा. तीन दिस झालं, घेतली न्हाय. पर हात बघा की."

हात थरथरत होते. त्यानं विचारलं, "सांज झाली की छातीत किडं वळवळत्यात. तवा तुमी काय करत हुता?"

"प्रार्थना."

"ती करतोय की. हातांचं काय केलासा?"

मी बायकोकडं पाहिलं. ती मुंग्या बघत होती.

"मी कधी प्यायलोच नाही," मी म्हणालो.

बाईचा चेहरा उतरला. "म्हंजे ही कुणाची सुटतच न्हाय?"

मोतद्दार माझ्याकडं बघत राहिला आणि हसला. "न पिता गटारात पडलासा? म्या पिऊन बी पन्हाळ्यापातूर कवा पोचलो न्हाय! किती दिस सांगत हुतासा?"

"दोन वर्षं."

"सोडवत न्हवतं?"

"नव्हतं."

"मग आज कसं सोडलासा?"

"तुमचे हात बघून."

तो म्हणाला, "बसा खाली." त्यानं तेच हात माझ्या डोक्यावर ठेवले. सगळी मंडळी मोठ्यानं प्रार्थना करू लागली. आणि मीही, पहिल्यांदाच, बांधापलीकडं ऐकू जाईल असा ओरडलो. हळूहळू डोक्यावरचे हात स्थिर झाले. की माझंच डोकं थरथरायला लागल्यामुळं मला तसं वाटलं, हे बायको अजून सांगत नाही.

मोतद्दार अजून पागेत आहे. मधे एकदा घसरला, सुट्टीच्या दिवशी. दुसऱ्याच रविवारी उभा राहून त्यानं तेही सांगितलं. बिद्रीला साक्ष द्यायला आता तोच जातो. मीही जातो, बैलगाडी हाकायला.