हायवेपलीकडची शाळा

घंटागाडीवर वाजवायची सूचना माझ्याच आवाजात रेकॉर्ड करायची, हे मीच ठरवलं होतं. माझा आवाज भारदस्त आहे असा माझा समज आहे, घरच्यांचा नाही. सोमवारी संध्याकाळी मोबाइलपुढे उभा राहिलो, घसा खाकरला आणि म्हणालो, “उद्या सकाळी दहा वाजता शाळेच्या पटांगणात पंचायत समितीच्या मॅडम येणार आहेत. सर्व पालकांनी उपस्थित राहावे.” मॅडम यायच्या होत्या बुधवारी. सूचना मंगळवारी वाजायची, म्हणून ‘उद्या’. माझ्या डोक्यात सगळं नीट होतं. घंटागाडीवाल्याला तेवढं सांगायचं राहिलं, आणि त्यानं हौसेनं सोमवारीच दिवेलागणीला गावभर एक फेरी मारली.

मंगळवारी मी घरीच होतो. दुसऱ्या दिवशीचं भाषण लिहायला रजा टाकली होती. तेवढ्यात शाळेतून फोन. “ओ शिक्षणप्रेमी, कुठंय तुमची मॅडम?”

शिक्षणप्रेमी हे माझं पद. शाळेच्या व्यवस्थापन समितीत पालकांबरोबर असा एक माणूस घेतात. मी नाशिकला सरकारी कचेरीत कारकून, घरी रोज पेपर येतो. तेवढ्यावर माझी निवड झाली.

आमचं गाव चांदवडच्या अलीकडे, हायवेला चिकटून. शाळा चौथीपर्यंत, शिक्षक दोन, पट दर वर्षी थोडा खाली. वरून असं आलं होतं की ही शाळा बंद करून मुलं हायवेपलीकडच्या मोठ्या शाळेत घालायची. नकाशात दोन्ही शाळा शेजारणींसारख्या दिसतात. मधला मुंबई-आग्रा रस्ता नकाशात हलत नाही, एवढाच फरक.

माझ्या धाकट्या भावाचा ट्रक आहे, तो आठवडा आठवडा बाहेर. त्याची बायको मजूर बायांच्या टोळीबरोबर कांद्याच्या लागणीला सकाळी सातला जाते. दुसरीतली पोरगी स्वतःच दप्तर घेऊन घरामागच्या शाळेत जाते. शाळा पलीकडं गेली तर एक तर आईची मजुरी बुडणार, नाहीतर पोरीची शाळा. माझं चार पानी भाषण मुख्यतः या पुतणीसाठीच होतं, आणि पलीकडची शाळा कशी गैरसोयीची आहे हे त्यात तीन वेळा आलं होतं.

पटांगणात पोचलो तर अख्खी टोळी उभी. “दादा, वावरात रोपं उपटून ठेवलीत,” भावाची बायको म्हणाली. तिच्या मानानं हे पुष्कळच झालं; मोठा दीर म्हणून ती माझ्यापुढं फारसं बोलत नाही. बाकीच्यांना असली काही अडचण नव्हती, त्यांनी माझा यथेच्छ उद्धार केला. मग टोळीतली सगळ्यात म्हातारी बाई म्हणाली, “आजचा रोज तर बुडालाच. ती शाळा कुनी पाह्यली का पन?”

कुणीच पाहिली नव्हती. मीही नाही.

निघालो सगळे, पोरांसकट. अर्ध्या रस्त्यात दुभाजकावर अडकलो. दोन्ही अंगानं कंटेनर, कांद्याचे पिकअप. वाऱ्यानं पदर उडत होते. पुतणीनं डोळे गच्च मिटून घेतले होते.

पलीकडच्या शाळेत बायकांनी जी तपासणी केली, तशी मी नोकरीत कधी पाहिली नाही. नळ सोडून पाहिले. मुलींच्या संडासाची कडी आतून लावून पाहिली. प्रत्येक वर्गाला वेगळे गुरुजी आहेत का, ते दारात उभं राहून पाहिलं. पुस्तकांच्या खोलीत आमची पोरं जी बसली ती उठेनात.

बुधवारी मॅडम खरोखर आल्या. मला वाटलं, लागोपाठ दुसरा रोज कोण बुडवणार? सगळ्या आल्या. मी उठून “सन्माननीय” म्हटलं, आणि मागून आवाज आला, “दादा, जरा थांबा.” पदर सावरत भावाची बायको उभी राहिली.

“मॅडम, तिकडची शाळा लय चांगली हे. तिला वाईट म्हनून आमची वाचवायची नाय. वाईट मधला रस्ता हे. पहिली-दुसरीची पोरं बारकी, ती हितंच ऱ्हाऊ द्या. तिसरी-चौथीची तिकडं जातील. माझी पोरगी जूनला तिसरीत जानार. मी तिला धरूनच बोलतीय.”

मी भाषणाची घडी खिशात घातली. सभा पुष्कळ पाहिल्यात. समोरच्याचं चांगलं आहे ते आधी कबूल करून कुणी बोलायला लागलं, अशी ही पहिलीच. आणि जी सूट मागायची ती आपल्या लेकीला वगळून.

मॅडमनी विचारलं, “पण रोज नेणार कोण? तुम्ही तर सातला शेतात.”

म्हातारी म्हणाली, “सावड करू.”

मॅडमना शब्द नवा होता. म्हातारीनं सांगितलं, “आज मी तुझ्या वावरात, उद्या तू माझ्या. तसंच हे. जिची पाळी ती पोरं नेनार, आननार. तिची पात, म्हंजी तिच्या वाट्याची ओळ, बाकीच्या काढतील, अन् हजेरी तिची पुरी धरायची.”

मागं पारावर बसल्यासारखे बसलेले पुरुष होते. त्यातला एक म्हणाला, “आन मुकादमानं नाय धरली तर?”

“मुकादमाची पन पोरगी जूनला चौथीतच जानार हे की!” म्हातारी म्हणाली. टोळी हसली, मॅडमही हसल्या. मग त्यांनी ते सगळं पुन्हा सांगायला लावलं आणि जसंच्या तसं लिहून घेतलं. “मी हेच वर पाठवते,” म्हणाल्या. “मंजूर होईलच असं नाही सांगत.”

“नाय झालं तर आमी येऊ की वर,” म्हातारी म्हणाली.

पटांगण रिकामं झालं तरी मी खुर्चीतच होतो. वर्षानुवर्षं वावरात चालत आलेली एक रीत या बायांनी उचलली आणि हायवेवर आणून ठेवली, तीही दोन रोज बुडवून. मला त्यांच्याबरोबर चालत घरी जायलाही जरा संकोच वाटत होता.

रात्री जेवताना बायकोला हे सगळं मोठ्या भारावून सांगू लागलो. तीही टोळीत होती हे बोलायच्या भरात विसरलो. तिनं ऐकून घेतलं, ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, “शनिवारी तुम्हाला सुट्टी असते. जूनपासून शनिवार तुमचा. पात तर तुम्हाला काढता येत नाही, पोरांचे हात तरी धरा.”