त्या शाखेपुढची रिकामी जागा

सकाळपासून राउटरमधला मल्टिकास्टचा, म्हणजे एकच चित्र अनेक ठिकाणी पाठवण्याचा, तोच तक्ता मी चौथ्यांदा उघडून बघतोय. मुख्य कार्यालयातल्या प्रशिक्षणाचं थेट चित्र सगळ्या शाखांना पोचतंय, एकाच शाखेचा पडदा काळा. चित्र कुठून येतंय ते तक्त्यात स्वच्छ दिसतं, पण त्या शाखेकडे जाणाऱ्या वाटेची जागा रिकामी. दोन वायरी बदलल्या, चहा गार झाला, डोकं तापलं. शेवटी तिथल्या मॅडमना फोन लावला.

"अहो, टीव्ही कुठे लावलाय अजून?" त्या शांतपणे म्हणाल्या. "तुमचं चित्र आलं की लावणार ना!"

मी कपाळावर हात मारला. पलीकडचा टीव्ही लागून त्याची मागणी आल्याशिवाय राउटर त्या बाजूला काही पाठवतच नाही. मॅडम चित्रासाठी थांबलेल्या आणि राउटर मॅडमसाठी.

त्यांनी टीव्ही लावला. तक्त्यातली रिकामी जागा भरली. माझा राग मात्र जाईना. इतकी साधी गोष्ट कळू नये माणसाला?

दिवाळीपासून धाकट्या भावाचा फोन नाही. "आधी त्याचा येऊ दे, मग मी करतो," असं परवाच बायकोला ठणकावून सांगितलंय मी.