पडद्याआडच्या मावशी

फरशी पुसणाऱ्या मावशींची बदली किरणोत्सारी औषधाच्या वॉर्डात झाली, तेव्हा सुरक्षा अधिकाऱ्याने त्यांच्याकडून तीनच गोष्टी घोकवून घेतल्या: औषध घेतलेल्या रुग्णाच्या अंगातून किरण बाहेर पडतात, म्हणून त्याच्याजवळ थोडाच वेळ थांबायचं, लांब उभं राहायचं आणि मध्ये शिशाचा पडदा ठेवायचा.

"साहेब, माझ्यापासून सगळे तसेही लांबच असतात," मावशी हसून म्हणाल्या. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच राहत. परगावच्या मुलीचा फोन आला तर महिन्याकाठी यायचा.

एका दुपारी आतल्या खोलीतल्या निवृत्त मास्तरांना औषधाची गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली. मावशींचा हात सवयीने पोछ्याकडे गेला आणि तिथेच थांबला; उलटीतही ते किरणोत्सारी औषध असणार होतं. त्यांनी कुणालाही आत जाऊ दिलं नाही, अधिकाऱ्याला फोन लावला आणि दाराशी पडद्यामागे उभ्या राहिल्या.

"तुम्हीसुद्धा लांबच?" मास्तरांनी आतून विचारलं.

"जवळ येता येत नाही, मास्तर. पण बोलू नका असं कुठल्या नियमात नाही. शाळेत काय शिकवायचात?"

"भूगोल."

"मग सांगा नद्यांची नावं."

अधिकारी हातमोजे चढवून येईपर्यंत मास्तर एकेक नदी सांगत होते आणि मावशी "पुढची?" म्हणत होत्या.

"आज तुम्ही अगदी बरोबर वागलात," अधिकारी नंतर म्हणाला.

संध्याकाळी घराचं कुलूप उघडून मावशींनी हे सांगायला मुलीला फोन लावला. तो वाजून वाजून थांबला. मग त्यांनी एक कप चहा टाकला.