गंगेकडे पाठ केलेली खुर्ची

सदूकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजात प्रॅक्टिकल घेत होते. काकू एवढंच म्हणाली, "चहा पिता पिता गेले गं. कप अर्धा राहिला..." ब्रह्मा घाटावरच्या घरी पोचले तोवर गच्चीपर्यंत माणसं भरली होती, आणि कुणीतरी काकांची वेताची खुर्ची सरळ करून ठेवली होती. सरळ म्हणजे गंगेकडे तोंड करून. मी ती फिरवून पुन्हा गंगेकडे पाठ केली. पुढचे तेरा दिवस हेच चाललं. भेटायला येणारा प्रत्येक जण खुर्ची नदीकडे वळवायचा आणि तो जिना उतरला की मी ती परत फिरवायची. काशीत जन्मलेला माणूस गंगेकडे पाठ करून बसायचा, हे पटणार तरी कुणाला? महिना उलटला, आता एकदाची ती गोष्ट सांगून टाकते.

सदूकाका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, रेल्वेत ड्राफ्ट्समन. पूल साहेबांनी ठरवायचा, सही साहेबांनी करायची, आणि काकांनी तो सुबक रेघांत कागदावर उतरवायचा. "कोपऱ्यात मुंगीएवढं नाव असतं माझं, फ्रेम केली की तेही झाकलं जातं," असं हसत सांगायचे. नोकरी संपता संपता कानांनीही रजा घेतली. ऐकायचं यंत्र सदऱ्याच्या खिशात असायचं, कानात क्वचित. काकू भाजी आणायला सांगायची तेव्हा तर हमखास खिशात. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, विद्यार्थ्यांना घेऊन शहराबाहेरच्या पाणथळीवर जाते. इकडे तिला ताल म्हणतात. काका एकदा सहज बरोबर आले आणि पक्ष्यांच्या नादाला लागले ते लागलेच. शीळ, किलबिल त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हती. म्हणून मी "तो बघा" म्हटलं की त्यांचा एकच प्रश्न, "आधी रंग सांग!" सगळा कारभार रंगावर.

त्या तालाकाठी वनखात्याला पक्षी बघायला लाकडी मनोरा हवा होता. तिथल्या साहेबांनी मला विचारलं आणि मी काकांचं नाव सुचवलं. काकांनी तीन आठवडे जेवणाचं टेबल अडवलं. आम्ही जमिनीवर जेवलो. घाटावर नावा बांधणारा बचाऊ मिस्त्री त्यांनी गाठला, कारण पाण्याशी लाकूड कसं वागतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? नावेला लागतं तेच साखूचं, म्हणजे साल वृक्षाचं लाकूड. खिळा एकही नाही, सगळं बोल्टवर, ही रेल्वेची सवय. पायऱ्या अगदी बुटक्या, कारण काकूचे गुडघे. "जिथे हिला चढता येत नाही, ते मी काढणारच नाही," म्हणाले. आणि आराखड्याच्या कोपऱ्यात आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं नाव, एवढ्या ठसठशीत अक्षरांत की काकू म्हणाली, "मनोऱ्यापेक्षा नावच उंच झालंय!" काका लाजले, पण अक्षर काही लहान केलं नाही.

उद्घाटनाला चार दिवस असताना आम्ही दोघं उजाडता उजाडता वर चढलो. ताल पक्ष्यांनी भरला होता आणि समोरून सूर्य वर येत होता... थेट डोळ्यांत. "रंग सांग," काका म्हणाले. मी दुर्बीण लावली. "काळा." "आणि त्याच्या शेजारचा?" "तोही काळा." बदकं काळी, बगळे काळे, सगळ्या तालाचे जणू कावळे झालेले. मग दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. बनारसचे घाट पूर्वेकडे बघतात, गच्च्या पूर्वेकडे बघतात, आंघोळ करणारा प्रत्येक माणूस पूर्वेकडे बघतो. काकांनी मनोरा पश्चिम काठावर उभा करून खिडकी पूर्वेला काढली, कारण दुसरीकडे कुठे काढायची असते? आणि मी, शास्त्र शिकवणारी बाई, तीन आठवडे त्या कागदाशेजारून ताटं नेत होते, मलाही काही खटकलं नाही. आम्ही पडलो अस्सल बनारसी.

काकांचा चेहरा बघवेना. मी म्हटलं, "राहू द्या काका. साहेबांना फीत कापायचीय, कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही." त्यांनी खिशातून यंत्र काढलं, कानात बसवलं आणि शांतपणे म्हणाले, "पुन्हा म्हण." माझी जीभ रेटेना. आजही ते वाक्य आठवलं की मला माझी लाज वाटते. मग तेच म्हणाले, "मला ऐकू येत नाही, ठीक आहे. पण इथे येईल त्याचे रंग मी काढून घेऊ? तेही नाव मोठ्ठं लिहून?"

खाली बचाऊ बिडी ओढत बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, तालाकडे बघितलं आणि म्हणाला, "बाबूजी, नाव होत त ओह पार ले चल जाइत." नाव असती तर पलीकडे नेली असती! काकांनी मनोऱ्याच्या बोल्टवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "तो ले चलो. बोल्ट किसलिए लगाए हैं?"

साहेबांना फोन काकांनी स्वतः केला. "गलती मेरी है, और किसी की नहीं. बीस दिन दीजिए." साहेब कुरकुरले, पण दिले. प्रत्येक फळीवर निळ्या रंगाने आकडे घातले, मनोरा उतरवला, आणि तो तुकड्यातुकड्यांनी दोन नावांतून पूर्व काठाला निघाला. पहिल्या नावेत खिडकीच्या चौकटीत काका बसलेले, लग्नाला निघालेल्या नवरदेवासारखे. काठावरून काकू ओरडत होती, "अहो, धरून बसा!" त्यांना अर्थातच ऐकू येत नव्हतं.

नव्या जागी पहिल्या सकाळी काकूसुद्धा वर आली, एकदाही न थांबता. ऊन आमच्या पाठीवर होतं. "रंग सांग," काका म्हणाले. समोर वेलींतून पाणकोंबडी बाहेर आली आणि मी जवळजवळ किंचाळलेच, "जांभळा! चोच लाल, कपाळ लाल!" काकांनी कठड्यावर थाप मारली. इतक्या आनंदात मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. पुढे कुणी तक्रार केली की संध्याकाळी इथून डोळ्यांवर ऊन येतं, तर त्यांचं उत्तर ठरलेलं, "मग सकाळी उठायला शिका!"

त्याच दिवशी घरी येऊन त्यांनी गच्चीवरची खुर्ची फिरवली. सकाळी पाठीवर गंगेकडचं ऊन आणि समोर आमच्या गल्लीची छपरं, पाण्याच्या टाक्या, पोपट, साळुंक्या, सगळे आपापल्या रंगांत. "साठ वर्षं या गच्चीवर बसतोय, पण ही बाजू बघितलीच नव्हती," म्हणायचे.

काल सकाळी मी त्या खुर्चीत पहिल्यांदा बसले. पाठ उन्हाने शेकत होती. शेजारच्या छपरावरच्या डिश अँटेनावर खंड्या येऊन बसला आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "निळा, काका. चोच लाल..." आत काकू चहा गाळत होती. तिथूनच म्हणाली,

"जोरात बोल गं. त्यांना ऐकू येत नाही."