मागच्या पायांचं तोंड

मुलांच्या त्या टीव्ही मालिकेत ड्रॅगन एक, पण त्याच्या पोटात माणसं दोन. पुढच्या पायांतल्याच्या हाती मुंडकं, जबडा आणि धूर सोडायची कळ. हारतुरे, सह्या सगळं त्यालाच. आपले गृहस्थ मागच्या पायांत. अकरा वर्षं कमरेत वाकून, दुसऱ्याच्या पाठीला नाक लावून. स्टुडिओत त्यांना ‘मागचे पाय’च म्हणत.

दुसऱ्याच वर्षी त्यांचा डावा गुडघा दुखावला. काम जाईल या भीतीने त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही. ड्रॅगन मात्र लंगडू लागला. लेखकाने लगेच जुन्या युद्धातल्या जखमेची कथा रचली आणि पोरंसोरं ढसाढसा रडली. लेखकाला बक्षीस मिळालं, गुडघ्याला मलम.

मालिका संपली. सहा वर्षांनी पुढची गोष्ट ॲनिमेशनपटात यायची ठरली आणि यांना बोलावणं आलं: ड्रॅगन चालायचा कसा, ते चित्रकारांना दाखवा. यांना आकाश ठेंगणं झालं. बायकोने मालिकेचा एक भाग चुकवला नव्हता, पण त्यात नवरा काही तिला कधी दिसला नव्हता. या खेपेला तरी तिने ओळखावं, एवढीच त्यांची हाव.

महिनाभर व्यायाम केला, गुडघ्याला घट्ट पट्टा बांधला आणि ते ताठ, सरळ चालून दाखवते झाले. चित्रकार मुलगी हिरमुसली.

“काका, असा कुठलाही ड्रॅगन चालेल. आमचा लंगडतो.”

“छे, तो कधीच लंगडत नव्हता!”

इतकी वर्षं जपलेलं खोटं असं सहज थोडंच सुटतं? मुलगी कागद आवरू लागली, तेव्हा कुठे त्यांनी पट्टा सोडला आणि ते लंगडत चालले. मुलगी भराभर चित्रं काढत राहिली. पण पायांकडे कमी, तोंडाकडेच जास्त बघत होती. तेही त्यांना खटकलंच.

चित्रपट लागला. ड्रॅगन आला, लंगडला, आणि तोही पुढच्या पायाने! मागे बसलेली चित्रकार मुलगी ओशाळून कुजबुजली, “काका, साहेब म्हणाले, मागचा पाय कॅमेऱ्यात येत नाही.” त्या आख्ख्या चित्रपटात कॅमेरा होताच कुठे! यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढच्या रांगेत ‘पुढचे पाय’ उठून लोकांना नमस्कार करत होते.

हेही उठले, निघून जायला. बायकोने हात धरून ओढलं.

“अहो, थांबा! गुडघ्यावर भार द्यायच्या आधी तुम्ही डावा डोळा मिटून ओठ चावता ना? तो बघा, अगदी तस्संच करतोय. तुम्हीच आहात हो ते!”

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. मुंडकं या वेळी मागच्या पायांचं होतं. ते हळूच खाली बसले, आणि बसताना डावा डोळा मिटलाच.