बर्फातून आलेली टाकी

युटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरची ग्री घरोघर जाऊन म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायची. कुणाला आंघोळ घाल, कुणाच्या सुजलेल्या पायांत मोजे चढव, असा तिचा दिवस जायचा. तिची बायको सिसेल सुतार. दोन वर्षं दोघी मुलासाठी झटत होत्या. दवाखान्याच्या फेऱ्यांना ग्री विटली. "त्या खुर्चीवर पुन्हा नको," ती म्हणाली, "आपल्या घरात, आपल्या पलंगावर करू." मग वीर्यपेढीतून एका अनोळखी दात्याच्या गोठवलेल्या वीर्याची कांडी घरी मागवायला त्यांनी सुरुवात केली. तीनदा केलं, तीनदा फसलं.

चौथी खेप जानेवारीत आली. सकाळी स्त्रीबीज सुटण्याचा दिवस दाखवणाऱ्या पट्टीवर रेघ ठळक उमटली, म्हणजे दिवस तोच. पण बर्फाने रस्ते बुजले होते. कांडी गोठलेली ठेवणारी टाकी आणणाऱ्या माणसाने ती बारा किलोमीटरवरच्या वाण्याकडे ठेवली आणि तो परत फिरला. सिसेलने तासभर फावडं मारलं, तरी गाडी अंगणातून हलेना. शेवटी ग्रीने वडिलांना फोन लावला.

विलाड्स चाळीस वर्षं गाई पाळलेला, अबोल माणूस. लेकीच्या लग्नात जेवला आणि लवकर घरी गेला. त्यानंतर त्या विषयावर बापलेकीत कधी बोलणं झालं नव्हतं.

"बाबा, एक टाकी आणून द्याल?"

"कसली?"

खोटं बोलायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. तिने सगळं सांगून टाकलं.

"नायट्रोजनची आहे?"

"हो."

"गाईंसाठी तसलीच यायची. मग ती उभीच राहायला हवी. निघतो मी."

दोन तासांनी ट्रॅक्टर दारात आला. टाकी सीटशेजारी पट्ट्याने बांधलेली, धक्के बसू नयेत म्हणून तिच्याभोवती त्याचा कोट. तो स्वतः स्वेटरवर, ओठ निळे पडलेले. टाकी स्वयंपाकघरात ठेवून तो म्हणाला, "कांडी काढताना हातमोजे घाला. तोंड लांब ठेवा. घाई करू नका."

"गाई कितव्या खेपेला गाभण राहायच्या?" सिसेलने विचारलं.

"बहुतेक पहिल्या-दुसऱ्या. एक मात्र सातव्या खेपेला राहिली. दूध सगळ्यात जास्त तिचंच."

"म्हणजे मला गोठ्यातच नेऊन बांधलंत," ग्री म्हणाली आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

"गुणी गाय होती," म्हाताऱ्याने कॉफी संपवली. "चला, पुढचं काम माझं नाही."

दुपारी सिसेलने पडदे ओढले आणि हात चोळून ऊन केले. लाकडावर सूतभर न हलणाऱ्या हाताने तिने सिरिंज धरली. नंतर दोघी पाय भिंतीला टेकवून अर्धा तास पडून राहिल्या, नावांवरून भांडत.

तीही खेप फुकट गेली. वडिलांना हे सांगायचं ग्रीच्या जिवावर आलं होतं. फोनवर तो नुसतं "बरं" म्हणाला. दुसऱ्या दिवशी राय धान्याचा पाव आणि खारवलेल्या हेरिंग माशांची बरणी घेऊन हजर झाला, निखळलेली पन्हळ ठोकली, आणि निघताना दारातून विचारलं, "पुढची टाकी कधी?"

त्या तीन शब्दांनी आपल्याला उभं केलं, असं ग्री आजही सांगते. पुढच्या दोन्ही टाक्या त्यानेच आणल्या. एप्रिलअखेरीस, सहाव्या खेपेला, दिवस राहिले.

मुलगी झाली, आस्ता. विलाड्सने तिला उचललं तेव्हा सिसेल घाबरून म्हणाली, "मान धरा, मान."

"धरलीये गं. तू रंधा हातात घ्यायच्या आधीपासून वासरं उचलतोय मी."

ग्री ज्यांना आंघोळ घालते त्या आज्या भीडभाड न ठेवता विचारतात, बाप कोण? "ओळखत नाही," ती सांगते, "पण कुठे असेल तिथे सुखात असो." आणि आजीच्या पाठीवर कोमट पाणी ओतते.