एडवोल्डची घाईची शपथ

एडवोल्डला मी लहानपणापासून ओळखते, आणि तेव्हाही तो असलाच होता. समुद्रापलीकडच्या डेन लुटारूंची जहाजं आमच्या इंग्लंडातल्या ट्रेंट नदीतून वर आली, तेव्हा हा शूरवीर तीन दिवस लव्हाळ्यात गळ्याएवढ्या पाण्यात बसून होता. बाहेर आला तो म्हणे, "मी पाळत ठेवत होतो!" पाळत! दात वाजत होते मेल्याचे.

पुढे डेन इथंच राहिले, शेती करायला लागले. मग याला त्यांचाच पुळका आला. त्यांच्यासारखी दर शनिवारी आंघोळ काय, दाढीला हाडाची फणी काय! शेजारी ग्रिम नावाचा डेन राहायचा. दिवसभर त्याच्या कुंपणाशी हा उभा. "ग्रिमदादा, काही लागलं तर सांगा हं!" ग्रिम कंटाळून आत जायचा.

एका वसंतात, ऐन नांगरणीत, माझा बैल नाहीसा झाला. आमच्याकडे गावाचा नांगर आठ बैलांचा. ज्याचा बैल जुंपलेला, त्याचीच जमीन नांगरायची. मी विधवा, बैल एकच. तो गेला तर पोरं खाणार काय? खुरांचे ठसे ग्रिमच्या गोठ्याकडे गेले होते. मी भर सभेत त्याच्यावर चोरीचा आळ घेतला.

रीत अशी, की आधी आरोपीनं संताच्या अस्थींवर हात ठेवून शपथ घ्यायची, मग बारा जणांनी त्याच्या शपथेला शपथेनं दुजोरा द्यायचा. ग्रिम अजून दाढी खाजवत उभा होता. पण एडवोल्डला कुठला दम! लोकांना ढकलत पुढं आला, अस्थींवर हात ठेवला आणि ठणकावून म्हणाला, "ग्रिमनं त्या बैलाला पाहिलंसुद्धा नाही. सबंध दिवस तो माझ्यासोबत होता!"

"अरे, त्याला तरी बोलू दे आधी!" पाद्री ओरडले.

"मी कुठं नाही म्हणतोय?" ग्रिम गोंधळून म्हणाला. "बैल माझ्याच गोठ्यात आहे. कुंपण मोडून आला, माझे जव खात होता, म्हणून बांधला. बाई, तुमचा असेल तर घेऊन जा. पण हा कधी होता माझ्यासोबत? मी एकटाच चर खणत होतो."

सभा खो खो हसली. माझी मात्र मान खाली गेली. निष्पाप माणसाला मी चोर म्हटलं होतं. ग्रिमची मी तिथंच माफी मागितली.

एडवोल्ड मात्र खोटी शपथ घेणारा ठरला. तेव्हापासून त्याच्या शब्दाला कुठंच किंमत उरली नाही.

त्याच शरदात त्याच्या मुलीचं लग्न ठरलं. बोलणी पक्की करताना ठरलेलं सगळं पाळू, अशी मुलीकडून कुणीतरी शपथ घ्यायची होती. एडवोल्डनं ऐटीत हात पुढं केला.

"तुम्ही बसा," नवऱ्या मुलाचा बाप म्हणाला. "दुसरं कुणी आहे का?"

कुणी हललं नाही. पोरगी रडायच्या बेतात आली. तेव्हा मीच उठले आणि शपथ घेतली.

"ऑस्गिथ, तुझे फार उपकार झाले गं," एडवोल्ड पुटपुटला.

"तुझ्यासाठी नाही घेतली," मी म्हणाले, आणि त्याच्याकडे न बघता पोरीला जवळ घेतलं.